कॉक्लिअर इम्प्लांट : शस्त्रक्रियेपूर्वी हे जाणून घ्या

"डॉक्टर, ऑपरेशन झालं की मुलगा लगेच बोलेल ना?" असे पालक मला नेहमी विचारतात. उत्तर 'नाही' असेच आहे. शस्त्रक्रियेत कानामागे त्वचेखाली यंत्र बसवून त्याची बारीक तार अंतर्कर्णातील शंखात सोडतात. यंत्र साधारणतः ३-४ आठवड्यांनी सुरू करतात. पुढे वर्ष-दोन वर्षे तरी वाचा-उपचार नियमित हवेत. जन्मतः बहिऱ्या मुलाची शस्त्रक्रिया पहिल्या २ वर्षांत झाल्यास लाभ अधिक. मात्र उरलीसुरली श्रवणशक्ती जाऊ शकते. मेंदूज्वराचा धोका कमी करण्यासाठी न्यूमोकोकल लस आधीच घ्यावी. पुढे कधीही एमआरआय करताना यंत्राची कल्पना द्यावी. सरकारी मदतीची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी. मूल हाकेला वळत नसेल, तर 'उशिरा बोलेल' म्हणून थांबू नका. लगेच कान तपासून घ्या.