थकलेला बैल
पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण वाशिमकडे खांदशेकणी करतो. हळद-तूप लावून बैलाचे खांदे शेकतो. त्याच खांद्यांवर वर्षभर जू असते.
पण बैल थकला की मग काय?
म्हाताऱ्या बैलाचे दात झिजतात. जाड कडबा त्याला चावत नाही. आपण त्याला बारीक कुट्टी द्यावी. सावली, पाणी व कोरडी जागा द्यावी. टांग्याच्या थकल्या घोड्यालाही हेच हवे.
२०१५ पासून आपल्या राज्यात बैल कापण्यास कायद्याने बंदी आहे. म्हणून त्याला मोकाट सोडू नये. तो उपाशी हिंडतो, शेजाऱ्याच्या पिकात शिरतो, मार खातो.
घरी चारा पुरत नसेल, तर गोरक्षण संस्थेत विचारावे. मुंबईची पांजरपोळ संस्था १८३४ सालची आहे. बैल पोहोचवताना चाराही न्यावा. ज्याने आपल्याला पोसले, त्याला आपण पोसू या.