गिअरबॉक्स दुरुस्त केला, तरी ट्रॅक्टर त्रास देतो?

ट्रॅक्टर जुना झाला की गिअरबॉक्स खोलून बेअरिंग, गिअर, सील व क्लचप्लेट बदलावी लागते. हे काम खर्चाचे असते. एवढे करूनही आठवड्याभरात गिअर खरखरू लागला, तर मालक घाबरतो व ट्रॅक्टर पुन्हा खोलायला देतो. तोवर वाफसा निघून जातो आणि पेरणी लांबते. पुष्कळदा दोष गिअरबॉक्सच्या आत नसून बाहेर असतो. म्हणून पुन्हा खोलण्यापूर्वी पुढील तपासणी क्रमाने करावी.

तपासणीपूर्वी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, पी.टी.ओ. बंद ठेवावा, हँडब्रेक लावून चाकांना ओटी द्यावी. इंजिन चालू असताना ट्रॅक्टरखाली जाऊ नये.

१) तेल पाहा : इंजिन बंद करून थोड्या वेळाने तेलपट्टीवर पातळी पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी गेले आहे असे समजावे. गिअरच्या दांड्याचे फाटलेले रबर हे त्याचे नेहमीचे कारण आहे. हवा जाण्याचे छिद्र (ब्रीदर) चिखलाने बुजल्यास आत दाब वाढून सीलमधून तेल गळते. अनेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स व हायड्रॉलिकचे तेल एकच असते. त्यामुळे दुरुस्तीनंतर राहिलेला लोखंडी कीस हायड्रॉलिक पंपही खराब करतो. तेल गाळण्याची जाळी साफ केली का, हे मिस्त्रीला अवश्य विचारावे.

२) क्लच पॅडलची मोकळी हालचाल मोजा : ती बहुतेक ट्रॅक्टरांत साधारण २० ते ३५ मि.मी. असते. नेमके माप आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावे. हालचाल जास्त असल्यास क्लच पूर्ण सुटत नाही व गिअर खरखरतो. ती अजिबात नसल्यास क्लच घसरतो व प्लेट जळते.

३) गिअर पडत नाही : इंजिन बंद असताना गिअर सहज पडतो, पण चालू असताना क्लच पूर्ण दाबून थोडे थांबल्यावरही खरखरतो, तर क्लच सुटत नाही असे समजावे. इंजिन बंद असतानाही अडत असल्यास दोष दांडा किंवा फोर्कमध्ये शोधावा. मात्र जुन्या स्लायडिंग मेश गिअरबॉक्समध्ये चालत्या ट्रॅक्टरचा गिअर बदलल्यास खरखर होणारच. तो बिघाड नव्हे. ट्रॅक्टर थांबवूनच गिअर बदलावा.

४) आवाज कधी येतो ते ऐका : पॅडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असल्यास क्लचचे रिलीज बेअरिंग पाहावे. न्यूट्रलमध्ये येणारा आवाज पॅडल दाबताच थांबत असल्यास इनपुट शाफ्टचे बेअरिंग संशयास्पद मानावे. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल तर त्या गिअरचे दाते तपासावेत.

५) गिअर निसटतो : शाफ्टला जागी धरणारी छर्रा-स्प्रिंग कमजोर झाली आहे का, फोर्क वाकला आहे का किंवा त्याचा स्क्रू ढिला आहे का, ते पाहावे. अनेक ट्रॅक्टरांत हे वरचे झाकण काढून तपासता येते. हे ठीक असूनही गिअर निसटत असल्यास दाते झिजलेले असण्याची शक्यता आहे. मग मात्र गिअरबॉक्स खोलावाच लागतो.

६) इंजिन पळते, पण नांगर ओढत नाही : हालचाल बरोबर असूनही असे होत असेल व जळका वास येत असेल, तर सील गळून क्लचप्लेटवर तेल गेले असावे. असा ट्रॅक्टर ओढकामाला लावू नये.

दुरुस्तीनंतर पहिले काही तास हलके काम घ्यावे व पुस्तिकेप्रमाणे तेल बदलावे. बदललेले जुने भाग व बिल मागून घ्यावे. बिघाड कोणत्या गिअरमध्ये, किती तास चालल्यावर आणि पॅडल दाबलेले असताना की सोडलेले असताना झाला, हे वहीत लिहून ठेवावे. अशी नोंद मिस्त्रीच्या हाती दिल्यास नेमका दोष लवकर सापडतो व नाहक खोलण्याचा खर्च वाचतो.