भाषेचं घरटं

मुलाला एखादी भाषा यावी असं वाटलं की आपण आधी पुस्तक शोधतो. न्यूझीलंडच्या माओरी लोकांनी आजी शोधली!

झालं असं की तिथल्या शाळांत माओरी बोललं म्हणून मुलांनी मार खाल्ला होता. तीच मुलं पुढे आई-बाप झाली आणि आपल्या लेकरांशी इंग्रजीतच बोलू लागली. त्यांना दोष कसा द्यायचा? लेकराला मार बसू नये, नोकरी मिळावी, एवढंच त्यांना हवं होतं. पण १९८० च्या सुमारास भाषा उरली ती मुख्यतः आजी-आजोबांच्या तोंडी.

मग १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळ वायनुइओमाता इथे पहिलं 'कोहांगा रेओ' सुरू झालं. कोहांगा म्हणजे घरटं, रेओ म्हणजे भाषा. शाळेत न जाणारी लहान मुलं, गावातल्या आज्या आणि एकच नियम : आत आलं की फक्त माओरी. व्याकरण नाही, पाठांतराची सक्ती नाही. खाणं, झोपणं, रडणं, रुसणं सगळं माओरीत. मूल सुरुवातीला इंग्रजीत उत्तर देई, तरी आजी माओरीतच बोलत राही. (आपण मात्र दोन मिनिटांत भाषा बदलतो, बघा!) तीन वर्षांत अशी तीनशेहून अधिक घरटी झाली. १९८७ मध्ये माओरीला राजभाषेचा दर्जा मिळाला.

हवाई बेटांवर १८९६ च्या कायद्याने शाळा इंग्रजी झाल्या होत्या. तिथल्या लोकांनी माओरींकडून ही कल्पना घेतली आणि १९८४ मध्ये काउआई बेटावर 'पूनाना लेओ' काढलं. अर्थ तोच, भाषेचं घरटं. पुढे १९९७ मध्ये फिनलंडमध्ये इनारी सामी भाषेचंही घरटं झालं. ही भाषा बोलणारे जेमतेम काही शेकडा.

अडचण मधल्या पिढीची होते. मूल घरी येऊन आजीची भाषा बोलतं आणि आईला उत्तर देता येत नाही. म्हणून न्यूझीलंडमध्ये पालकांनाही शिकावं लागतं.

आपल्याकडे मेळघाटातलं मूल घरी कोरकू बोलतं आणि पहिलीत थेट मराठी पुस्तकासमोर बसतं. तिथे शिकवणाऱ्या मित्रांनी आठवड्यातून एक तास तरी गावातल्या आजीला वर्गात बोलवून पाहावं. गोष्ट तिने कोरकूतच सांगावी. गुरुजींना कळली नाही तर मुलं मराठीत समजावून सांगतील.