लांबच्या सागरप्रवासाची पूर्वतयारी

नाशिकच्या बहुतेक विद्यार्थ्यांस समुद्र ठाऊक असतो तो नकाशांतील निळ्या रंगापुरता. आपली गोदावरीहि सह्याद्रीकडे पाठ फिरवून पूर्वेस निघून जाते. तरीहि शिडाच्या लहान होडींतून पृथ्वीप्रदक्षिणा करितां येईल काय, असा प्रश्न भूगोलाच्या तासास कोणीतरी विचारतोच. ती करितां येते. आपल्या देशांत बांधलेल्या होड्यांनीं ती केलीहि आहे. मात्र वादळांच्या गोष्टी सर्वांस आवडतात, आणि धक्का सोडण्यापूर्वींच्या तयारीची गोष्ट कोणी विचारीत नाहीं. ती येथें सांगण्याचें योजिलें आहे.

एकट्या भारतीयानें जगाची फेरी करावी ही कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. २००६ सालीं कमांडर दिलीप दोंदे या कामासाठीं पुढें आले. गोव्यास दिवाडी बेटावर श्री. रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत ५६ फूट लांबीची ‘म्हादेई’ बांधली गेली. म्हादेई हें मांडवी नदीचेंच दुसरें नांव. बांधणी चालू असतांना दोंदे स्वतः तेथें लक्ष घालीत, कारण भर समुद्रांत सुतार, लोहार आणि विजेचा कारागीर हे तिघेहि तेच होणार होते. २००९ च्या फेब्रुवारींत होडी नौदलांत दाखल झाली. पुढें मॉरिशसपर्यंत सरावाची सफर झाली व परतीचा प्रवास त्यांनीं एकट्यानें केला. त्यानंतरच १९ ऑगस्ट २००९ रोजीं त्यांनीं मुंबई सोडली. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली व केपटाउन या चार बंदरांत थांबून ते मे २०१० मध्यें परत आले. तयारीस तीन वर्षें व प्रवासास नऊ महिने, हें प्रमाण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

निघण्याची तारीख मनास येईल ती धरितां येत नाहीं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाचें केप हॉर्न तेथील उन्हाळ्यांत, म्हणजे आपल्या हिवाळ्यांत, ओलांडणें इष्ट. म्हणून त्या तारखेपासून मागें गणित करीत यावें लागतें. कमांडर अभिलाष टॉमी कोठेंहि न थांबतां फेरी करण्यास १ नोव्हेंबर २०१२ रोजीं मुंबईहून निघाले आणि २६ जानेवारी २०१३ रोजीं त्यांनीं केप हॉर्न गांठलें. ऋतु टळल्यावर निघूं नये हा पौलाचा सल्ला शताधिपतीनें न मानल्यामुळें काय झालें, तें प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायांत आपण वाचलेंच आहे.

आतां होडीविषयीं. ती प्रथम पाण्याबाहेर काढून तळ, सुकाणूं व पंखा तपासावा. तळास चिकटलेलें शेवाळ व शंखशिंपले वेग खातात. डोलकाठीस धरून ठेवणारी प्रत्येक तार व तिची प्रत्येक खीळ हातानें चांचपून पाहावी; एक खीळ तुटली तर सारी डोलकाठी जाऊं शकते. शिडें शिवण्यास सुईदोरा हवाच. डब्यांवरील कागद ओलाव्यानें सुटतात व पंपांत अडकतात, म्हणून ते आधींच काढून डब्यांवर रंगानें नांवें लिहितात. एरवीं वाटाणे उघडावे तों आंत अननस! पाणी एकाच टाकींत कधीं ठेवूं नये. मुंबईंत सागवानी लाकडाची बांधलेली, अवघी ३२ फुटी ‘सुहेली’ घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजीं इंग्लंडहून निघाले, तेव्हां वाटेंत त्यांच्या टाक्यांतील पाणी नासलें. पुढें शिडांवर पडणारें पावसाचें पाणी धरून त्यांनीं भागविलें. याच गृहस्थांपाशीं दोंदे पुढें तयारीचे धडे घेण्यास गेले होते.

घरच्या व्यवस्थेकडे मात्र पुष्कळांचें दुर्लक्ष होतें. पारपत्र, होडीचे कागद, पीतज्वराच्या लसीचा दाखला हीं तर हवींतच. दांत निघण्यापूर्वीं दाखवावे, चष्म्याची दुसरी जोडी घ्यावी. परंतु मृत्युपत्र करावें, विश्वासू माणसास मुखत्यारपत्र द्यावें, विम्याचे हप्ते व घरपट्टी कोण भरील हें ठरवावें, आणि पैसा कोठें व किती आहे तें पत्नीस किंवा आईबापांस स्पष्ट सांगावें, हें लिहितांना हात थबकतो. अशुभ बोलूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. मला तें पटत नाहीं. ज्यांस मागें ठेवून जावयाचें, त्यांस अंधारांत ठेवणें हेंच अधिक अशुभ.

‘सुहेली’ ज्या शर्यतींत होती, तींतच डोनाल्ड क्रोहर्स्ट नांवाचा एक हुशार गृहस्थ होता. त्यानें घर व धंदा गहाण टाकिला होता, आणि शर्यत सोडल्यास होडी स्वतःच विकत घ्यावी लागेल, असा करार लिहून दिला होता. नियमाप्रमाणें निघण्याच्या अगदीं शेवटच्या दिवशीं, ३१ ऑक्टोबर १९६८ रोजीं, अपुर्‍या होडींतून तो निघाला. दुरुस्तीच्या सामानाचा ढीग किनार्‍यावरच राहिला. पुढें जाणें होडीस झेपेना, आणि परतावें तर दिवाळें. महिनोगणती तो बिनतारी संदेशांतून खोटें स्थान कळवीत अटलांटिकांतच घुटमळत राहिला. १० जुलै १९६९ रोजीं त्याची होडी रिकामी सांपडली. घरीं पत्नी व चार मुलें होतीं. नऊ जणांपैकीं एकट्या नॉक्स-जॉन्स्टन यांनींच फेरी पुरी केली होती. त्यांस मिळालेलें ५,००० पौंडांचें बक्षीस त्यांनीं त्या मुलांच्या आईकडे पाठविलें.