निद्रानाशाच्या रुग्णास वेळ विचारा

हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. पैंजण व साखळ्या घडविण्याचे काम येथे घरोघरी चालते. दिवाळीपूर्वी मागणी वाढली की रात्री उशिरापर्यंत प्रखर दिव्याखाली बारीक कड्या सांधल्या जातात. "अंथरुणावर पडलो तरी झोप येत नाही, सकाळी डोके जड असते, कामात लक्ष लागत नाही" ही असे काम करणाऱ्याची ठराविक तक्रार असते. आपण तगर, जटामांसी, अश्वगंधा यांची योजना करतो. तथापि हेतू कायम राहिला तर औषधाचा उपयोग तात्पुरताच होतो. निदानपरिवर्जन हेच चिकित्सेचे सार आहे, आणि येथे निदान बहुधा दिव्यातच असते.

मेंदूच्या हायपोथॅलॅमस भागात, दोन्ही नेत्रनाड्या परस्परांस छेदतात त्या ठिकाणाच्या वर, एक सूक्ष्म पेशीसमूह आहे. तोच शरीराचे मुख्य घड्याळ होय. पेशींतील या घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्याचे हे घड्याळ सरासरी २४ तासांहून किंचित मंद चालते. म्हणून ते रोज प्रकाशाने जुळवावे लागते. दृष्टिपटलातील काही विशिष्ट पेशी निळसर प्रकाशाची वार्ता त्यास पोहोचवितात. निद्रेपूर्वी असा प्रकाश मिळाल्यास मेलाटोनिनचा स्राव घटतो व घड्याळ मागे पडते. नेहमीच्या वेळी जागे झाल्यानंतरचा प्रकाश मात्र ते पुढे आणतो. घरातील उजेड बहुधा काहीशे लक्स असतो, तर ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स मिळतात.

व्यायामाचेही तसेच आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सकाळी ७ वाजता अथवा दुपारी १ ते ४ या वेळेत केलेल्या तासाभराच्या मध्यम व्यायामाने घड्याळ पुढे आले, तर सायंकाळी ७ ते १० या वेळेतील व्यायामाने ते मागे पडले. वाग्भटांनी व्यायामाने लाघव, कर्मसामर्थ्य व दीप्त अग्नी प्राप्त होतात असे सांगून तो अर्धशक्तीने करण्याची मर्यादा घातली आहे. कपाळी व काखेत घाम, तसेच मुखशोष दिसताच थांबावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ब्राह्ममुहूर्ती उठण्याचा नियम वाग्भटांनी स्वस्थासाठी सांगितला आहे. रात्री २ वाजता झोपून ८ वाजता उठणाऱ्यास एकदम पहाटे ४ वाजता उठवून दिव्यासमोर बसविले, तर त्याच्या शरीराची ती मध्यरात्रच असते. घड्याळ पुढे येण्याऐवजी आणखी मागे जाण्याचा संभव असतो. सवय मोडताना पादांशिक क्रमच श्रेयस्कर.

आम्ही सुचवितो तो क्रम असा: उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ ते ३० मिनिटे अलीकडे आणावी. उठताच अर्धा तास उघड्यावर चालावे. सूर्याकडे रोखून पाहू नये. बारीक काम शक्यतो दिवसा, खिडकीपाशी करावे. निजण्यापूर्वी दोन तास प्रखर दिवा व मोबाईल टाळून मंद, पिवळसर उजेड ठेवावा. जागरण टळलेच नाही, तर जागरणाच्या निम्मा वेळ सकाळी, भोजनापूर्वी झोपावे, हा शास्त्रोक्त उपाय आहे. पहाटे ३ ते ५ या काळात सावधानता सर्वांत कमी असते. तेव्हा ज्योतीवरील अथवा यंत्रावरील काम करू नये.

औषधविक्रेते बंधूंनाही विनंती की, निद्राजनक औषध मागणाऱ्यास "किती वाजता झोपता, किती वाजता उठता, रात्री कोणत्या उजेडात बसता?" एवढे अवश्य विचारावे. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे अथवा विषण्णता आढळल्यास रुग्णास त्वरित तपासणीस पाठवावे. इतरांच्या बाबतीत औषधाची मात्रा ठरविण्यापूर्वी प्रकाशाची व व्यायामाची वेळ ठरवावी. दिनचर्या ही चिकित्सेची प्रस्तावना नसून चिकित्साच आहे.