तीन मोजण्याआधी पाऊल ओळख

चि. मृणाल हिस,



तुझा प्रश्न सरळ आहे: मिन्युएट, साराबांद, वॉल्ट्झ आणि माझुर्का हे चारही तीन बीटचे, मग मेट्रोनोम लावून तीन मोजले की झाले, नाचाची माहिती हवी कशाला? माझे उत्तरही सरळ आहे. तीन ही नुसती गणती झाली. वजन कुठे पडायचे, कुठे रेंगाळायचे आणि वाक्य कुठे संपायचे, हे नाचणाऱ्याच्या पायाने ठरवलेले असते. तू तबला शिकली आहेस, म्हणून हे तुला लवकर पटेल. झुमरा, धमार, दीपचंदी आणि आडा चौताल या चारही तालांच्या मात्रा १४ आहेत. पण झुमऱ्यातला विलंबित ख्याल धमाराच्या ठेक्यावर कुणी गात नाही. पियानोसमोर बसल्यावर तू हेच ज्ञान बाजूला ठेवतेस, एवढीच माझी तक्रार आहे.

आता एकेक नाच बघ. मिन्युएटला चौदाव्या लुईच्या फ्रेंच दरबारात प्रतिष्ठा मिळाली. त्याच्या पावलांचे एक चक्र सहा बीटचे, म्हणजे दोन बारचे असते आणि तेवढ्यात नर्तक चार पावले टाकतो. प्रत्येक बारच्या आरंभी तू सारखाच ठोका दिलास, तर ते चक्र मधोमध तुटते आणि मिन्युएट ठोकळेबाज होतो. वॉल्ट्झमध्ये जोडी एकमेकांना धरून गिरक्या घेते: पहिले पाऊल दमदार, पुढची दोन हलकी. म्हणूनच डाव्या हाताला आधी खर्जातला एक स्वर आणि मागून दोन हलके कॉर्ड येतात. व्हिएन्नाचे वाद्यवृंद त्यातला दुसरा बीट किंचित आधी घेतात आणि गिरकीला ओढ देतात. कागदावर याची खूण नसते. बाखच्या साराबांदमध्ये वजन बहुधा दुसऱ्या बीटवर येऊन थांबते. पोलंडच्या माझोव्हिया प्रांतातून आलेल्या माझुर्कात ते कधी दुसऱ्या, तर कधी तिसऱ्या बीटवर पडते, कारण नाचणारा तिथेच टाच आपटतो.

यावर तू म्हणशील, बाखचे सेलो सुइट किंवा शोपँचे माझुर्के कुणी नाचावे म्हणून लिहिलेलेच नाहीत. खरे आहे, आणि त्यामुळेच वादकाची जबाबदारी वाढते. समोर नाचणारे असतील तर लय चुकताच त्यांचे पाय अडखळतात आणि वादक सावरतो. मैफिलीत असे सावरणारे कुणी नसते. पाऊल वादकाच्या मनातच चालू राहावे लागते. चार्ल्स हॅले या पियानोवादकाने आपल्या आठवणींत याचा मोठा पुरावा ठेवला आहे. शोपँ स्वतःचे माझुर्के वाजवताना बारच्या पहिल्या स्वरावर इतका रेंगाळे, की हॅलेला बारमध्ये चार बीट मोजता येत. त्याने तसे मोजून दाखवल्यावर शोपँने हसून खुलासा केला, की हा त्या नाचाचा राष्ट्रीय स्वभाव आहे. मोजणीत चार येऊनही ऐकणाऱ्याला ठसा मात्र तीनचाच मिळे, असेही हॅले नोंदवतो. मेट्रोनोमच्या हिशेबाने हे वादन चुकीचे ठरते आणि माझुर्काच्या हिशेबाने अस्सल. तू कोणाचा हिशेब धरणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नाच स्वतःच बदलत जातात, मग खरे पाऊल कोणते? साराबांदचेच घे. सोळाव्या शतकातला साराबांद हा स्पॅनिश जगातला चपळ, उच्छृंखल नाच होता. १५८३ साली स्पेनमध्ये त्याच्यावर बंदी आली. तोच पुढे फ्रान्समध्ये संथ आणि गंभीर झाला आणि त्या रूपात बाखच्या हाती आला. पण यातून नाचाची माहिती निरुपयोगी ठरत नाही. ती काळ आणि स्थळासह घ्यावी लागते, एवढेच सिद्ध होते. नुसत्या नावावर विसंबून बाखचा साराबांद कुणी धावत वाजवला, तर चूक अर्धवट माहितीची असेल. शीर्षक वाचलेस की लगेच विचार: कोणत्या शतकातला, कोणत्या देशातला, दरबारातला की गावातल्या अंगणातला?

म्हणून यापुढे नवी रचना हाती घेतलीस की प्रथम त्या नाचाची पावले शिकून घे आणि खोलीत चालून बघ. डौल साधला नाही तरी चालेल, वजन कोणत्या बीटवर येते ते पायाला कळले पाहिजे. मग फक्त डावा हात वाजव, कारण नाच बहुतेक वेळा तिथेच राहतो. सूर त्यानंतर. मेट्रोनोम टाकून दे असे मी म्हणत नाही. वेग पळतो आहे का, हे तपासायला तो उत्तम आहे. मात्र वॉल्ट्झला बारमागे एक आणि मिन्युएटला दोन बारमागे एक असा ठोका लाव, म्हणजे मधली जागा तुझी तुलाच भरावी लागेल. पुढच्या शिकवणीला एक मिन्युएट आणि एक माझुर्का तयार ठेव. दोन्हींतला फरक डोळे मिटून ऐकणाऱ्यालाही पहिल्या चार बारमध्ये कळला पाहिजे.

तुझी,
शालनआत्या