मोटारवेड्या लेकाला घेऊन पनवेलला येतेस ना?

अगं, फोनवर तू विचारलंस, "ताई, तुमच्या पनवेलला मोटारींचं संग्रहालय आहे का गं?" तेव्हा घाईत होते, म्हणून आता नीट सांगते. पनवेलमध्ये तसं संग्रहालय नाही. पण पनवेलसारखं मुक्कामाचं गाव शोधून मिळायचं नाही. मुंबईचा रस्ता, पुण्याचा रस्ता, गोव्याचा रस्ता, सगळे इथूनच फुटतात. घरी चार दिवस राहा आणि इथून हिंड.

पहिला दिवस मुंबईतल्या आणिक आगाराचा ठेव. मुंबईच्या बस चालवणाऱ्या बेस्टचं संग्रहालय तिथे आहे. गाडी मात्र काढू नकोस. जावईबापूंना सांग, सुट्टीत तरी वाशीच्या पुलावर क्लच दाबत बसायचं नाही. पनवेलहून हार्बरची लोकल सुटते, इथूनच सुटत असल्यामुळे बसायला जागा मिळते. तासाभरात गुरू तेग बहादूर नगरला उतरायचं आणि पुढे टॅक्सी करायची. संग्रहालय बुधवार ते रविवार उघडं असतं, तिकीट नाही. तरी निघण्याआधी वेळ विचारून घे, सरकारी सुट्ट्यांचा भरवसा नसतो.

तिथे गेल्यावर लेक ट्रामच्या आणि बसच्या छोट्या प्रतिकृतींकडे धावेल. धावू दे. पण नंतर त्याला तिकिटांपाशी, तिकीट फाडायच्या यंत्रांपाशी, गणवेशांपाशी थांबव. आपण मुलांना इंजिन किती ताकदीचं ते सांगतो, पण ते चालवणारा माणूस कोण होता, उन्हापावसात कसा उभा राहायचा, हे सांगायचं राहून जातं. माझं ऐकशील तर तिथे हेच सांग.

आणि गोष्टी काय कमी आहेत? 9 मे 1874 ला मुंबईत पहिली ट्राम धावली ती घोड्यांची. कुलाब्याहून पायधुणीला जायला तीन आणे पडायचे आणि सुरुवातीला तिकीटसुद्धा देत नसत. ऊन लागू नये म्हणून घोड्यांना टोप्या घालायचे! हे ऐकून तुझा लेक खुदकन हसणार बघ. पुढे ट्राम चालवणाऱ्या कंपनीकडे 1,300 हून अधिक घोडे झाले होते. एवढ्या जनावरांचा चारा, तबेले, नालबंद, सगळं शहराच्या मध्यात! 1907 मध्ये विजेची ट्राम आली आणि घोड्यांचं काम संपलं. 15 जुलै 1926 ला पहिली मोटारबस अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली, 1937 मध्ये दुमजली बस आली, आणि 31 मार्च 1964 ला शेवटची ट्राम निघून गेली. आपल्या आईच्या पिढीने ट्राम पाहिली आहे. घरी कुणी मोठं असेल तर निघण्याआधी त्यांना फोन लावून दे, लेकाला त्यांच्याच तोंडून ऐकू दे. संग्रहालयात जे मिळत नाही ते तिथे मिळेल.

दुमजली बसचं जाणं तर आपण डोळ्यांदेखत पाहिलं. जुनी लाल डिझेलची दुमजली 15 सप्टेंबर 2023 ला शेवटची धावली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही गेली. शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदवलेली, आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांचीच मुभा. पद्मिनी बनवणारी प्रीमिअर कंपनी कुर्ल्याची, वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेली. सोलापूरच्या माणसाने मोटारीचा कारखाना उभारायचा ध्यास घेतला, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. दोन महिन्यांच्या आत शहराची दोन वाहनं गेली. म्हणून म्हणते, जे शिल्लक आहे ते आत्ताच दाखव. आणिकच्याच दिवशी दुपारी परतण्याआधी विजेच्या नव्या दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर त्याला बसव. सकाळी पाहिलेलं तेव्हा त्याच्या डोक्यात पक्कं बसेल. त्या दिवशी आणखी काही पाहायला जाऊ नका गं, मूल दमलं की काहीच लक्षात राहत नाही.

दुसऱ्या दिवशी माथेरान. हे माझं खास सांगणं. मोटारी बघून झाल्यावर मोटार नसलेलं गाव बघावं. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची, पुढे पायी, घोड्यावर किंवा ई-रिक्षाने. नेरळची छोटी गाडी 1907 पासूनची, दोन फूट रुंदीच्या रुळांची. ज्या वर्षी मुंबईत विजेची ट्राम आली त्याच वर्षीची, हे लेकाला सांगायला विसरू नकोस. पावसाळ्यात नेरळपासूनची फेरी बंद असते, तेव्हा अमन लॉज ते माथेरान एवढीच मिळते. लाल मातीत सगळ्यांचे पाय माखणार, पांढरे कपडे घालू नका.

एक सकाळ कर्नाळ्याला द्या. गोव्याच्या रस्त्यावर अगदी जवळ आहे, पक्षी ऐकायचे तर उजाडताच निघायचं. वाटेत शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. 1845 चा जन्म, 1883 मध्ये एडनच्या तुरुंगात शेवट. पाच मिनिटं थांबून नमस्कार करून या.

अहिल्यानगरचं रणगाड्यांचं संग्रहालय मात्र पनवेलहून एका दिवसात करू नका. पुण्यापुढे तेवढंच अंतर आणखी जायचं असतं. परतीच्या वाटेवर तिथे एक रात्र राहा आणि सकाळी लवकर पाहा, कारण रणगाडे उघड्यावर मांडलेले आहेत आणि दुपारी लोखंड तापतं. 1994 मध्ये लष्कराने हे संग्रहालय उभारलं. रोल्स रॉइसची चिलखती गाडी आहे, 1965 च्या युद्धात पाडाव केलेला पॅटन रणगाडा आहे. 16 डिसेंबर 1971 ला बसंतरच्या लढाईत पुणे हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या रणगाड्यात लढता लढता गेले, तो 'फामागुस्टा' याच शहरात चिलखती दलाच्या केंद्रात जपला आहे. वय अवघं 21, पुण्यात जन्मलेला मुलगा, परमवीर चक्र मरणोत्तर. इथे लेकाला "केवढा मोठा रे!" एवढंच म्हणून पुढे नेऊ नकोस. तोफेवर चढून फोटो काढायचा हट्ट केला तर सरळ नाही म्हण.

आणखी एक, आपल्या दोघींतलं. अशा ठिकाणी बाप-लेक पुढे जातात आणि आई पिशव्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन बाकावर बसते. तू बसू नकोस. पिशवी त्यांच्या खांद्यावर दे आणि तूही सगळं वाच, सगळं विचार. गाडी तूही चालवतेस, मग हा विषय तुझाही आहे.

तारीख पक्की केलीस की कळव. फक्त सोमवार-मंगळवार आणिकसाठी धरू नकोस, बाकीचं मी इथे बघते.